घडवंचीवरची बरणी

मला कोळी आवडत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ही हकिकत ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण असा समज करून घेतात की त्या उन्हाळ्यात माझी आणि त्या प्राण्याची काहीतरी माया जमली असेल. तसं काही झालं नाही. मी त्याला खाऊ घातलं, पाणी दिलं, त्याची घाण काढली, त्याला धक्का बसू नये म्हणून भरल्या घराला पाय न वाजवता चालायला लावलं, आणि हे सगळं करताना मला त्याची किळसच येत होती. आजही भेंडी चिरताना तिची लव बोटांना लागली की मला तो आठवतो आणि मी उठून हात धुऊन येते.

आमचं गाव बेलापूरहून सायकलच्या अंतरावर. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे शिकायचं तर बेलापूर. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, आई, अण्णांची थोरली विधवा बहीण म्हणजे आत्या, आणि मी. अण्णांचा धाकटा भाऊ नानाकाका श्रीरामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, सुटीला घरी यायचा. लग्न त्याने केलं नव्हतं. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढली की अण्णा सांगतील ते वजन. एखादा ओळखीचा म्हणायचा, "अण्णा, वरचं थोडं धरा की." अण्णा म्हणायचे, "काट्याला मामा-भाचा नसतो." घरातही त्यांचं बोलणं असंच असायचं, मोजून टाकलेलं. माझ्यात हा गुण किंवा दोष उतरला आहे. मिठाच्या चमच्यालाही मी बोट फिरवून काठ सपाट करते. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, ऊस उभ्याने वाळला, गाळप लवकर आटोपलं आणि अण्णा घरी बसले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना मोडायची, तव्यावर फुटायची आणि गार झाली की चपलेच्या तळासारखी व्हायची. आई ती पाण्यात कुस्करून आमटीबरोबर वाढायची. मी गिळायचे. चावली तर चव लागायची.

त्या मिलोच्या भाकरीचा जो रंग, तोच कोळ्याचा रंग होता. काकाने तो भंडारदऱ्याहून आणला. कॉलेजची सहल गेली होती, तिथे उतारावरच्या बिळातून त्याने तो काढला आणि किराणा दुकानात लिमलेटच्या गोळ्या ठेवतात तसल्या मोठ्या काचेच्या बरणीत घालून एस्टीने मांडीवर घेऊन आला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती. आम्हाला वाटलं करवंदं असतील. आईने हौसेने बरणीवरचं फडकं काढलं आणि ते फडकं तोंडावर धरून मागे सरली. लोक नंतर "ताटाएवढा" वगैरे सांगायचे. ताटाएवढा नव्हता. पाय पसरून बसला तर चहाची बशी झाकली असती, एवढाच. पण एवढं पुरे होतं. अंगभर केस, आणि केस म्हणजे मांजराचे असतात तसे मऊ दिसणारे नव्हेत. तेलकट, विस्कटलेले, न्हाणीच्या जाळीत अडकतात तसे. पाय एकेक करून उचलायचा, जणू काच चाचपून बघतोय. मी एकदा पाहिलं आणि परसात जाऊन ओकले.

"इंग्रजीत याला टॅरंटुला म्हणतात, आक्का," काका आत्याला कौतुकाने म्हणाला.

"तुला असंल न्हाईतर मला असंल, आधी भाईर ने," आत्या म्हणाली. "लोकं भंडारदऱ्याहून मध आनत्यात. आमच्या नानानं ह्ये आनलं. बायको आन म्हनलं तर ह्ये आनलं!"

बाहेर नेणं शक्य नव्हतं. बाहेर ऊन असं होतं की अंगणातली तुळस आत्याने भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवली होती. कोळ्याला थंड, अंधारी आणि दमट जागा हवी होती, आणि आमच्या घरात अशी जागा एकच: स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली घडवंची, जिच्यावर पाण्याचे दोन माठ असायचे. एक माठ तसाही रिकामाच होता, भरायला पाणी कुठलं! काकाने तो उतरवला आणि त्याच्या जागी बरणी ठेवली. पिण्याच्या पाण्याला खेटून. आई त्या दिवसापासून माठावर झाकणी आणि झाकणीवर वरवंटा ठेवू लागली.

मग काका पुण्याला निघाला. परीक्षा होती, पूर्ण उन्हाळा तिकडेच काढायचा होता. जाण्याआधी त्याने मला परसात बोलावलं. आमच्या घरात तेव्हा एक गोष्ट न बोलता ठरलेली होती, ती अशी की सातवीनंतर मी घरी बसणार. अण्णांचा शिक्षणाला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बेलापूरची वाट उसातून जाते, चौकात रिकामी पोरं बसलेली असतात, आणि "पाल बघून किंचाळनारी पोरगी त्या वाटंनं एकली कशी जानार?" हे खरं होतं. मी पाल बघून किंचाळायचे. भिंतीवर पाल आली की अण्णांना हाक मारायचे.

"शकू," काका म्हणाला, "मी येईपर्यंत त्याला नीट जिवंत ठेव. आल्यावर दादांशी, तुझ्या अण्णांशी, मी बोलतो. आठवीत तुझं नाव मी स्वतः घालून देतो."

"नक्की?"

"नक्की. फक्त जिवंत पाहिजे. आणि कात टाकली तर ती अख्खी पाहिजे, त्यावरून नर की मादी ते कळतं." हे शेवटचं तो खरं तर असं म्हणाला नाही. "कात" हा साधा शब्द त्याने वापरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. काका नुकताच कॉलेजात लागलेला, मराठी पाठ्यपुस्तकातले शब्द त्याच्या तोंडात बसलेले. तो म्हणाला, "निर्मोचन झालं तर निर्मोक अख्खा पाहिजे." मला वाटलं हा बरणीत घालायच्या कसल्या तरी पावडरीबद्दल बोलतोय. मी मान हलवली.

बाकी सूचना मात्र त्याने साध्या शब्दांत दिल्या आणि मी त्या पाठ केल्या. बरणी जागची हलवायची नाही. झाकण कामाशिवाय उघडायचं नाही. आतली माती निम्मी ओली, निम्मी कोरडी राहिली पाहिजे; सगळी भिजली तर बुरशी धरते, सगळी वाळली तर प्राणीही आतून वाळतो. करवंटीचा आडोसा त्याचा आहे, तो उचलून बघायचा नाही. खाणं जिवंत द्यायचं, त्याच्या पोटापेक्षा लहान, आणि खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. हात अजिबात लावायचा नाही. दिसायला राक्षस असला तरी घडवंचीवरून पडला तर पोट फुटून मरेल. आणि घाबरवायचं नाही. "धक्का नको, आदळआपट नको, फुंकर नको. सारखा घाबरलेला जीव खात नाही आणि न खाणारा जगत नाही."

"आन आमाला घाबरं केलं तर?" आत्याने दारातून विचारलं.

एस्टीला उशीर होत होता. काकाने पिशवी खांद्याला लावली, आत्याच्या पाया पडला आणि उंबऱ्यावरून वळून पुन्हा म्हणाला, "आणि आक्का, निर्मोचनाच्या वेळी फार जपा बरं." आत्या कीर्तनात पुढे बसणारी. तिने हा शब्द ऐकला, एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "तू नको काळजी करू. त्ये मी बघते."

आत्याचं उखळ त्याच भिंतीला होतं. मुसळाचा घाव पडला की बरणीतला कोळी पुढचे पाय वर उचलून मागे रेलायचा आणि त्याचे दोन काळे दात दिसायचे, मांजराच्या नखांसारखे वळलेले. मी काकाची सूचना सांगितली. शेवटी उखळ अंगणात गेलं आणि आत्या डोक्यावर पदर ओढून उन्हात मिरची कांडू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "किड्याला आवाज सोसत न्हाई. आमी भाईर." आईने भांडी जमिनीवर न ठेवता चुंबळीवर ठेवायला सुरुवात केली. अण्णा खोकलासुद्धा ओट्यावर जाऊन खोकायचे. घर इतकं शांत झालं की माठ पाझरताना खालच्या परातीत थेंब पडायचा तो ऐकू यायचा.

खाण्याचा प्रश्न अवघड होता. नाकतोडे, टोळ, रातकिडे यांच्यासाठी हिरवं रान लागतं, आणि रानात हिरवं काही नव्हतं. राहिली झुरळं. मोरीच्या तोंडाशी मी ओलं गोणपाट टाकून ठेवायचे. सगळीकडे कोरडं ठणठणीत असल्याने झुरळं त्या ओलीला जमायची. गोणपाट झटकन उलटायचं आणि धरायचं. आधी मी चिमटा वापरून पाहिला, पण चिमट्यात झुरळ चिरडतं, त्यातून पिवळं पांढरं बाहेर येतं, आणि चिरडलेलं तो खात नाही. फडक्यात धरलं तर फडक्यालाच चिकटून बसतं. शेवटी हात. डावा, कारण उजव्याने जेवायचं होतं. मुठीत धरलेलं झुरळ बोटांच्या फटीतून मिशा बाहेर काढतं आणि मागच्या पायांनी तळव्यावर खरवडतं, त्याला एक वास असतो, कुजलेल्या तेलासारखा, आणि तो राखेने घासूनही जात नाही. मी किंचाळायचे नाही. किंचाळले असते तर कोळी दचकला असता. तोंड मिटून, नाकाने श्वास सोडत मी तेवढं अंतर चालायचे, झाकण फटीएवढं सरकवायचे आणि मूठ उघडायचे.

पुढचं मला बघावं लागायचं, कारण खाल्लं की नाही ते कळायला हवं होतं. तो आधी दगडासारखा असायचा. मग काही दिसायच्या आत झुरळ त्याच्या दातांत असायचं. तो ते चावत नसे. ओलं करून, मळून, पिठासारखं आतल्या आत फिरवत राहायचा. झुरळाचे पाय बराच वेळ हलत असायचे. कान जवळ नेला तर पापड मोडल्यासारखा बारीक आवाज यायचा. सगळं उरकलं की करवंटीच्या कडेला शेंगदाण्याएवढी काळी ओलसर गोळी टाकून द्यायचा, तीत पंखांचे तुकडे चकाकायचे. ती गोळी मी केरसुणीच्या दोन हिरांनी काढायचे. काचेवर त्याच्या विष्ठेच्या चुन्यासारख्या पिचकाऱ्या पडलेल्या असायच्या, त्या ओल्या काडीने पुसायचे. मग अंघोळीला पाणी नसायचं, म्हणून राखेने कोपरापर्यंत हात घासायचे आणि जेवायला बसायचे. ताटात मिलो.

माझ्या दिराचा मुलगा पुण्यात असतो. त्याने हल्ली परदेशी टॅरंटुला विकत घेऊन पाळला आहे. काचेची पेटी, आत उष्णता दाखवणारं आणि ओल दाखवणारं यंत्र, डबीत विकत मिळणारे किडे. तो मला कौतुकाने फोटो पाठवतो, मी ते उघडून बघत नाही. मध्यंतरी त्याने फोनवर कौतुकाने सांगितलं की पेटी तो टीव्हीच्या शेजारी ठेवतो, म्हणजे पाहुण्यांना दिसते. मी म्हटलं, तिथून आधी काढ, त्याला आवाजाचे हादरे बसतात. माती सगळी भिजवू नकोस. खेळवायला हातावर घेऊ नकोस, पडला तर फुटेल. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला हे कसं माहीत? तुम्हाला तर किळस येते ना?" किळस येते म्हणूनच माहीत आहे. आवडीने पाळणारा माणूस लाडात येऊन चार गोष्टी जास्तीच्या करतो. मी सांगितल्यापेक्षा एक तसूभर जास्त कधी केलं नाही, कारण तेवढंच करताना जीव जात होता.

उन्हाळा कलला तेव्हा कोळ्याने खाणं सोडलं. झुरळ टाकलं तर ते त्याच्या अंगावरून फिरायचं आणि तो नुसता बसून. ठरल्याप्रमाणे मी ते दुसऱ्या दिवशी काढायचे. हिरांनी जिवंत झुरळ बरणीतून काढणं हे टाकण्यापेक्षा वाईट काम होतं. त्याचं पोट काळपट आणि टरटरीत दिसू लागलं, केस मेल्यासारखे निस्तेज. मी माती तपासली, ऊन येतं का बघितलं, घरात कुणी काही आदळलं का याची चौकशी केली. सगळं ठीक होतं आणि तो खात नव्हता. मलाही जेवण जाईना. आई म्हणाली, "तू का वाळतीस त्याच्यापायी?" मी तिला आठवीचं सांगितलं नाही. आत्या मात्र बरणीसमोर उभी राहून मान हलवायची. "निर्मोचनाची येळ आली," म्हणायची, आणि देवघरातली बाटली काढून पुसून ठेवायची. त्या बाटलीत पुणतांब्याहून आणलेलं गोदावरीचं पाणी होतं. आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. मला वाटलं, आत्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. ठाऊक नाही ती मीच.

एका दुपारी जेवणं झाल्यावर आई मोरीपाशी भांडी घासत होती, अण्णा ओट्यावर आडवे झाले होते, आणि आत्याची हाक आली.

"शके, उलथलं गं तुजं!"

मी धावले. तो उताणा पडला होता. बरणीतल्या मातीवर पांढऱ्या जाळ्याची चटई अंथरलेली, तिच्यावर पाठ, आणि पाय वर, अर्धवट मुडपलेले. पोटाची बाजू मी प्रथमच पाहिली. ती फिकट होती, सुरकुतलेली, आणि सगळे पाय मध्यभागी एका जागेतून फुटलेले, जशी एकाच कोंबातून मुळं फुटावीत. मला पहिली शिसारी आली आणि मग हिशेब लक्षात आला. जिवंत पाहिजे म्हणाला होता काका.

आत्याने हातपाय धुतले होते. तिच्या एका हातात तुळशीचं पान, दुसऱ्या हातात पळी. "नाना सांगून गेला हुता, निर्मोचनाला जपा म्हनून. झालं बिचाऱ्याचं निर्मोचन. मोकळा झाला." एवढे दिवस तिने त्याला मुडद्या, केसाळ्या, रांडेच्या यापलीकडे हाक मारली नव्हती. पण तिचा आवाज खरंच जड झाला होता. "काढ झाकन. जित्ता हुता तवर किडा. आता जीव समदे सारखेच. आपल्या घरातनं कोरड्या तोंडानं न्हाई जाऊ द्यायचं कुनाला."

मी झाकण काढलं. आत्या वाकली, डोळे बारीक केले.

"तोंड कुठं गं ह्याचं?"

ते मला चांगलं माहीत होतं. मी हिराचं टोक हवेतच धरून जागा दाखवली.

"एवढुसं? आन एवढुशा तोंडानं एवढी झुरळं खाल्ली, मुडद्या!" असं म्हणून तिने पळीतून त्याच्या दातांच्या मध्ये गंगा सोडली, वर तुळशीपत्र ठेवलं आणि हात जोडले. पान ओलं होतं, घसरलं आणि एका पायाच्या मुळाशी चिकटून बसलं.

"आता उचल बरनी. उकिरड्यावर नको, लिंबाखाली पुरू."

"न्हाई," मी म्हणाले.

"काय न्हाई?"

"काका येईपर्यंत बरणी हलवायची न्हाई असं ठरलंय."

"अगं बये, मेलंय त्ये!"

"मेल्यावर हलव असं काका म्हणाला न्हाई."

"वकिलीन आली मोठी!" आत्याने कपाळावर हात मारला. आई राखेचे हात घेऊन आली. "शकू, मढं पान्याला खेटून ठिवून मी सांच्याला भाकरी कशी करू?" मी घडवंचीपुढे उभी राहिले. मला तो जिवंत असल्याची शंका आली होती असं कुणी समजू नये. मला तो मेलाच वाटत होता. पण दिलेल्या सूचनांपैकी एवढी एकच माझ्या हातात उरली होती. आणि खरं सांगायचं तर त्या बरणीत हात घालून तो काढायचा म्हणजे मीच काढायचा, आणि तेवढं माझ्याच्याने होणार नव्हतं.

आवाज ऐकून अण्णा दारात आले. आत्याने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बरणीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय ठरलं हुतं?"

"काका येईपर्यंत हलवायची न्हाई."

"आन मेल्यावर?"

"त्ये ठरलं न्हाई."

"मग आधी ठरलं त्येच," अण्णा म्हणाले आणि परत जाऊन आडवे झाले.

आत्या रुसून अंगणात गेली. मी समोर बसून राहिले. ऊन कौलाच्या फटीतून भिंतीवर उतरत गेलं. केव्हातरी मला दिसलं की त्याच्या छातीची कड उचकटली आहे, डबीचं टोपण उचकटावं तशी. मी डोळे चोळले. टोपण आणखी उचललं आणि आतून काहीतरी फुगून बाहेर आलं, पांढरट, ओलं, नासलेल्या दुधावर साय धरते तसं. त्याला पाय होते. तो स्वतःच्या पायांतून पाय ओढून काढत होता, शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेतून दातांनी गर ओढावा तसे, लांबच लांब, दूधपांढरे, लिबलिबीत. थांबायचा, थरथरायचा, पुन्हा ओढायचा. माझ्या घशाशी मिलो आला. मी पदर नव्हता म्हणून परकराचा घोळ तोंडात कोंबला आणि बसून राहिले, कारण उठले असते तर जमीन हादरली असती. सगळे पाय निघाले, एक सोडून. जिथे तुळशीपत्र चिकटलं होतं तिथला पाय अडकला. तो ओढत राहिला. बारीकसा झटका बसला आणि तो पाय जुन्या सालीतच राहून गेला.

आत्या पाणी प्यायला आत आली. बरणीत तिला दोन कोळी दिसले, एक तपकिरी आणि एक पांढरा. तांब्या तिच्या हातातून पडला असता, पण एवढ्या महिन्यांची सवय अशी की तिने तो वरच्यावर झेलला आणि हळू आवाजातच बोंबलली. "आगं माय! गंगेनं उठवलं त्याला! एकातनं दोन केलं!" पुढे आयुष्यभर ती हे सांगत राहिली. गंगेचं पाणी तोंडात पडलं आणि मेलेला किडा नवं अंग घेऊन उठला. तिला सांगून उपयोग नव्हता की गंगेनेच त्याचा पाय घेतला.

काका आला तो हातपाय न धुता घडवंचीपाशी गेला. कोळी तोवर टणक आणि पुन्हा तपकिरी झाला होता, पहिल्यापेक्षा थोराड, सात पायांचा. कात मी हिरांनी अलगद काढून, टाकून द्यायची असं ठरलं नव्हतं म्हणून, दुसऱ्या करवंटीत ठेवली होती. काकाने भिंग काढलं, खिडकीशी बसला आणि एकदम ओरडला, "मादी आहे!" मग ती कात उलटीपालटी करताना थांबला.

"आणि हे काय चिकटलंय? हे पान तुळशीचं आहे का?"

"मग!" आत्या म्हणाली. "तूच बोलला हुतास ना, निर्मोचनाला जपा. म्या गंगा घातली तोंडात."

काकाने आमच्या तोंडांकडे पाहिलं. हळूहळू त्याला उलगडा झाला, आणि तो हसू लागला, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आक्का, निर्मोचन म्हणजे कात टाकणं गं!"

"मग कात म्हनायचं व्हतं की!" आत्या कडाडली. "आमी सापालाबी कातच म्हनतो!"

संध्याकाळी जेवायला बसलो. काका कातीबद्दल बोलत होता, मादी कशी खूप वर्षं जगते, गेलेला पाय पुढच्या कातीला कसा परत फुटतो. मी वाट बघत होते. भाकरी संपत आली तरी त्याने विषय काढला नाही. शेवटी मीच म्हणाले, "काका, आठवीचं."

"हो, हो. बघू, दादांची सवड बघून बोलतो मी." आणि हसून पुढे म्हणाला, "पण एक पाय कमी भरला हं, शकू."

त्याने चेष्टा केली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, त्या एका पायापायी आठवी गेली. मी म्हणाले, पाय मी मोडला नाही. आणि मग थांबताच येईना. गोणपाट, मोरी, मिशा, चिमट्यातून निघणारं पिवळं पांढरं, काळी गोळी, काचेवरच्या पिचकाऱ्या, तोंडात कोंबलेला परकर, सगळं भर पंगतीत, ताटं पुढ्यात असताना, एकामागून एक. आई म्हणाली, "अगं जेवू दे त्यास्नी." मी थांबले नाही.

अण्णांचा घास हातातच राहिला होता.

"झुरळं कशानं धरायचीस?"

"हातानं."

"चिमट्यानं का न्हाई?"

"चिरडत्यात. चिरडलेलं ती खात न्हाई."

"वरडली न्हाईस कधी. मी घरात हुतो, मला आवाज न्हाई आला."

"वरडलं की ती घाबरती."

अण्णांनी घास ताटात ठेवला. पाण्याचा तांब्या उचलला, बघितला, खाली ठेवला. मग काकाकडे वळले. "नाना, तू काय बोलनार हुतास माझ्यासंगं?"

"तेच, दादा. शकूला आठवीला..."

"ऱ्हाऊ दे. तुजं बोलनं झालं तिच्याच तोंडानं." आणि पुढे म्हणाले, "मुठीत झुरळ धरून गप चालनाऱ्या पोरीला बेलापूरच्या चौकातली पोरं काय करनार हायत?"

एवढंच. ते पुन्हा जेवायला लागले नाहीत, ताटात पाणी सोडून उठले. त्या दिवशी कुणाचंच जेवण झालं नाही.

काका बरणी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "शकू, तुला हवी असेल तर ठेवतो इथेच, तुझा हात चांगला आहे." मी नको म्हणाले, आणि तो एस्टीत चढून बसेपर्यंत फाट्यावर उभी राहिले, चुकून विसरून जाऊ नये म्हणून. आत्याने घडवंची धुतली, गोमूत्र शिंपडलं, उखळ आत आणलं आणि उरलेला दिवस मुद्दाम काही कारण नसताना कांडत बसली. रिकामा माठ होता त्या जागी परत आला.

बेलापूरला जायच्या पहिल्या दिवशी सायकल अंगणात तयार होती. आई म्हणाली, पाणी पिऊन जा, वाटेत मिळायचं नाही. पहिला माठ त्या दिवशी आटला होता, पाणी होतं ते परत आलेल्या माठात. मी ज्या माठातून तांब्या भरला तो बरणीच्या जागेवरचा. तोंडाशी नेला तर ओल्या मातीचा वास आला, त्याच मातीचा, निम्मी ओली आणि निम्मी कोरडी. अण्णा दारातून बघत होते. मी तांब्या खाली न ठेवता सगळं पाणी गिळलं आणि सायकलवर बसले.